चाहत्याने टेप केलेला जुना कॉन्सर्ट कॅसेटवरून संगणकावर कसा उतरवावा

काकांनी कॅसेट माझ्या हातात दिली तेव्हा तिच्या कव्हरवर निळ्या शाईत एवढंच लिहिलेलं होतं: 'डी. पी. ८७'. डीप पर्पल हा ब्रिटिश रॉक बँड, त्यांचा १९८७ चा युरोप दौरा, एक बंदिस्त क्रीडागृह आणि कोटाच्या आतल्या खिशात लपवलेला छोटा रेकॉर्डर. नव्वद मिनिटांची एकच कॅसेट. ती संपली तेव्हा बँड अजून वाजवत होता. ती रात्र आता बहुधा याच पट्टीवर उरली आहे, आणि काकांनी ती विश्वासाने माझ्याकडे सोपवली होती.

अशा चाळीसेक कॅसेटी मी आजवर उतरवल्या आहेत. सुरुवातीच्या काही मी बिघडवल्या, कारण कामांचा क्रम उलटा धरला होता. खरखर ऐकली की ती काढायला हात शिवशिवतात. पण आधी पट्टी, मग हेड (डेकमधला पट्टी वाचणारा भाग), मग वेग, आणि खरखर सगळ्यात शेवटी, तीही काढायचीच असेल तर. यातलं वेगाचं काम सर्वांत मोलाचं आणि सर्वांत दुर्लक्षित, म्हणून त्यावर मी जास्त लिहिणार आहे.

पट्टी आणि डेक

कॅसेट हातात आली की लगेच वाजवू नका. तिच्या वरच्या कडेला प्लास्टिकच्या दोन छोट्या जिभा असतात, त्या शाबूत असतील तर पहिल्यांदा मोडा. म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी पट्टी पुसली जाणार नाही. मग खिडकीतून पट्टी बघा. रीळ एकसारखं गुंडाळलेलं आहे का, कुठे कड दुमडली आहे का, आणि मधल्या तांब्याच्या पातीवरचा फेल्टचा तुकडा जागेवर आहे का. हा फेल्ट पट्टीला हेडवर दाबून धरतो. तो पडला असेल तर उंच स्वर गायब होतात आणि दोष रेकॉर्डिंगवर जातो. खोकं स्क्रूचं असेल तर उघडून दुसऱ्या कॅसेटची पाती बसवता येते. चिकटवलेलं असेल तर पट्टीची दोन्ही रिळं उचलून चांगल्या स्क्रूच्या खोक्यात ठेवावी लागतात. हे काम स्वच्छ टेबलावर, सुती हातमोजे घालून आणि घाई नसेल त्याच दिवशी करा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची पट्टी साठ मिनिटांच्या कॅसेटपेक्षा पातळ असते आणि चटकन सुरकुतते.

वर्षानुवर्षं न वाजलेली पट्टी घट्ट बसते. ती आधी शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवून घ्या. पहिले काही वेढे मी पेन्सिल घालून हातानेच फिरवते. सुरुवातीचा पारदर्शक तुकडा आणि पट्टी यांचा सांधा सुटायला आला असेल तर ते तेव्हाच बोटांना कळतं.

डेकची हेडं आणि कॅपस्टन, म्हणजे पट्टी पुढे सरकवणारी धातूची बारीक कांडी, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पट्टीला त्या कांडीवर दाबणारा रबरी पिंच रोलरही पुसा आणि तो पूर्ण सुकू द्या. प्रत्येक कॅसेटच्या प्रत्येक बाजूनंतर हे पुन्हा करायचं. कापूस तपकिरी निघाला तर तो त्या पट्टीवरचा थर आहे हे लक्षात घ्या, आणि ती कॅसेट विनाकारण पुन्हापुन्हा वाजवू नका.

अझिमथ

हेडची फट पट्टीशी किती अंशात उभी आहे, त्याला अझिमथ म्हणतात. तुमचा डेक कारखान्यातून अगदी बरोबर येऊनही उपयोग नाही, कारण काकांच्या खिशातल्या रेकॉर्डरचं हेड किंचित तिरकं असेल तर तुम्हालाही तुमचं हेड तितकंच तिरकं करावं लागेल. कॅसेट ज्या यंत्रावर रेकॉर्ड झाली त्या यंत्राशी जुळवायचं असतं, पुस्तकातल्या मापाशी नाही.

यासाठी गाणं लावू नका, टाळ्या लावा. दोन गाण्यांच्या मधल्या टाळ्यांत सगळ्या उंच कंपनसंख्या एकदम भरलेल्या असतात. आवाज मोनो करा, हेडफोन घाला आणि हेडशेजारचा स्क्रू अगदी सावकाश, केसभर फिरवा. काकांच्या कॅसेटवर आधी टाळ्या म्हणजे दूरच्या पत्र्यावरचा पाऊस वाटत होत्या. स्क्रू जेमतेम एक अष्टमांश वळला आणि त्या पावसातून हात वेगळे झाले. जवळच कुणीतरी जाड तळव्यांनी हळू टाळ्या वाजवत होतं, मागे कुणी जीव तोडून. पुढच्या गाण्यात ड्रमर इयन पेसची राइड सिंबल पहिल्यांदा धातूसारखी वाजली. असा आवाज आला की थांबा, आणखी फिरवलंत की तो पुन्हा मंदावतो. दुसऱ्या बाजूला हे सगळं पुन्हा करा, कारण कॅसेट पालटल्यावर पट्टी वेगळ्या कोनात बसू शकते. काम संपल्यावर स्क्रू मूळ जागी नेता यावा म्हणून त्यावर आधीच नखरंगाचा बारीक ठिपका द्या.

डॉल्बी, म्हणजे टेपची खरखर कमी करणारी डेकमधली सोय, तिच्याबद्दल थोडक्यात सांगते. टेप करताना डॉल्बी लावलं होतं याची खात्री असेल तरच वाजवताना लावा, आणि तेही अझिमथ जुळवल्यावरच. शंका असेल तर बंद ठेवून उतरवा.

संगणकात घेताना

२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. तासाला साधारण दोन जीबी जागा लागते. ४८ किलोहर्ट्झवर ती निम्मी होते आणि कॅसेटसाठी तेवढंही पुरतं. सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. २४ बिटमध्ये आवाज हळू घेतला तरी काही बिघडत नाही, पण वर आदळून छाटला गेला तर तो परत येत नाही. आवाज आपोआप वरखाली करणारी सगळी सोय बंद असू द्या.

कॅसेट सुरू करण्याआधी डेक चालू, पट्टी थांबलेली, अशी तीस सेकंदं रेकॉर्ड करा आणि ती फाइल जपून ठेवा. ती कशाला लागते ते पुढे येईलच.

ही पहिली फाइल म्हणजे तुमचं मूळ. तिच्यावर कधीही काम करायचं नाही, पुढचं सगळं प्रतीवर.

वेग

हौशी टेपांमधला सर्वांत मोठा दोष हाच, आणि तो कानाला दोष म्हणून जाणवतच नाही. गाणं थोडं चढ्या सुरात असलं की बँड जोशात वाटतो, उतरलं की थकलेला. बँडबद्दलची मतं लोक अशा टेपांवरून बनवतात. 'त्या दौऱ्यात फार घाईत वाजवायचे' असं मी स्वतः एकदा ठासून सांगितलं होतं. घाई टेपची होती.

हे होतं कसं? छोटा रेकॉर्डर बॅटरीवर चालतो. बॅटरी उतरली की काही रेकॉर्डरांची मोटर मंदावते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर पट्टी सरकायला हवी तिथे कमी सरकते. रेकॉर्डिंग संथ झालं तर बरोबर वेगाने वाजवताना तेच आवाज चढे आणि घाईचे येतात. म्हणजे बॅटरी जसजशी संपत गेली तसतसा कॉन्सर्ट वर चढत गेला. एकाच आकड्याने सगळी टेप दुरुस्त केली तर सुरुवात बरोबर येईल आणि शेवट चुकेल.

मोजायला दोन साधनं आहेत. पहिलं, विजेची गुणगुण. स्टेजवरच्या अँपांमधून, विशेषतः दोन गाण्यांच्या मधे, 'हम्म्' असा बारीक आवाज येत असतो. तो तिथल्या विजेचा. युरोपात ५० हर्ट्झ, अमेरिकेत ६०. जपानात दोन्ही. डीप पर्पलने ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाकात दोन आणि तोक्योत एक असे शो केले. ओसाकाची वीज ६० हर्ट्झची, तोक्योची ५० ची. तीन रात्रींत मोजपट्टी बदलली. टेप कुठली हे माहीत नसताना कुठलाही आकडा धरून चालू नका. आणि उघड्या मैदानावर जनरेटर असेल तर गुणगुणीवर फार विसंबू नका.

ही गुणगुण ऐकू येत नसली तरी स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे कुठल्या क्षणी कुठल्या कंपनसंख्या आहेत ते दाखवणाऱ्या चित्रावर, आडव्या रेघेसारखी दिसते. सॉफ्टवेअरमधला विंडोचा आकार मिळेल तितका मोठा ठेवा, म्हणजे रेघ बारीक दिसते. खुद्द ५० वर बेस आणि ड्रमची गर्दी असते, शिवाय तिथे अर्ध्या हर्ट्झची चूकही मोठी ठरते. म्हणून पाचव्या पटीवर, म्हणजे २५० च्या आसपास मोजा आणि आलेल्या आकड्याला पाचाने भागा. आता ती तीस सेकंदांची फाइल काढा. तुमच्या डेकच्या किंवा वायरीच्या गुणगुणीची रेघ त्यात दिसेल, आणि ती सरळ असेल. कॉन्सर्टची रेघ टेपच्या वेगाबरोबर हलते. सरळ रेघ तुमच्या खोलीतली, हलणारी रेघ त्या रात्रीची. दोन्हींची गल्लत करून मी एक अख्खी टेप 'दुरुस्त' केली होती, म्हणजे होती तशीच ठेवली होती.

दुसरं साधन मला मनापासून आवडतं, ते म्हणजे हॅमंड ऑर्गन. जुन्या टोनव्हील हॅमंडमध्ये धातूची दातेरी चाकं फिरतात आणि त्यांची मोटर विजेच्या कंपनसंख्येशी बांधलेली असते. त्यामुळे तो गिटारसारखा पिळून सुरात लावता येत नाही. वीज बरोबर असेल तर त्याचा मधला ए हा स्वर म्हणजे ४४० हर्ट्झच. साठावर चालणारा ऑर्गन पन्नासावर जोडला तर तो जवळपास तीन अर्धस्वर खाली घसरेल, म्हणून परदेश दौऱ्यात वीज बदलणारं यंत्र किंवा वेगळी मोटर लागतेच. ऑर्गन हलत नाही म्हटल्यावर बाकीच्यांना त्याच्या सुरात यावं लागतं. ज्या बँडमध्ये हॅमंड आहे, मग तो डीप पर्पल असो की युराया हीप, त्याच्या टेपवर ट्यूनिंग फोर्क आधीच रेकॉर्ड झालेला असतो.

काकांच्या टेपवर पहिल्या बाजूच्या शेवटाकडे 'चाइल्ड इन टाइम' येतं. त्याची सुरुवात जॉन लॉर्डच्या एकट्या, हळू ऑर्गनने होते, आणि गाणं ए मायनरमध्ये आहे. हे मोजणीला फारच सोयीचं. प्रेक्षक गप्प झालेले, ड्रम नुसते टिकटिकणारे, आणि मधे लांब धरलेला ए. मी तेवढाच तुकडा निवडला आणि आलेख काढला. टोक आलं ४४७ वर. मग त्याआधीच्या शांततेत गुणगुणीची पाचवी रेघ बघितली, ती २५४ वर होती. ४४७ भागिले ४४० आणि २५४ भागिले २५०, दोन्हींचं उत्तर १.०१६. दोन निराळ्या वाटांनी एकच आकडा आला तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली.

मग सगळ्या टेपवर दर पाच मिनिटांनी गुणगुण मोजली. पहिल्या बाजूच्या सुरुवातीला ५०.४, दुसरीच्या शेवटी ५१.६. म्हणजे सुरुवातीचा ०.८ टक्के हा बहुधा दोन यंत्रांमधला फरक आणि पुढची चढण बॅटरीची. शेवटी टेप ३.२ टक्के चढी होती, जवळजवळ अर्धा अर्धस्वर.

दुरुस्ती करताना 'पिच' बदलणारी सोय वापरू नका, 'स्पीड' बदलणारी वापरा. टेपमध्ये सूर आणि लय एकत्रच बिघडलेले असतात, त्यांना एकत्रच परत आणायचं. चढण सलग असेल तर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये टाइम ट्रॅक जोडता येतो. त्यावर दर पाच मिनिटांना एक बिंदू ठेवून वेगाची रेघ आखा आणि मग रेंडर करा. गणितात एक नेहमीची चूक होते: टेप ३.२ टक्के वेगवान असेल तर वेग ३.२ टक्क्यांनी कमी करायचा नसतो. १ भागिले १.०३२ करा, ०.९६९ येतं, म्हणजे ३.१ टक्के. लांब टेपवर हा फरक सेकंदांत जातो.

एक इशारा आवर्जून देते. स्टुडिओतल्या रेकॉर्डशी सूर जुळवून टेप दुरुस्त करू नका. ब्लॅक सबाथच्या टोनी आयोमीने १९७१ पासून बऱ्याच गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर उतरवली. किस हा बँड तर एक अर्धस्वर खाली वाजवायचा. आणि वय वाढलं की गायकाच्या गळ्यासाठी अख्खा बँड सूर उतरवतो. साठी ओलांडलेल्या गायकाने एक अर्धस्वर खाली गायलेलं गाणं तुम्ही 'बरोबर' करायला वर खेचलं, तर त्याच्या त्या वयाचा आवाज तुम्ही पुसून टाकलात. तो आवाजही मला तितकाच हवा आहे. तेव्हा रेकॉर्ड बाजूला ठेवा आणि गुणगुण मोजा.

साफसफाई, शक्य तितकी कमी

वेग जुळला की टेप निम्म्याहून अधिक सुधारलेली वाटते. मोठ्या क्रीडागृहात २०० ते ४०० हर्ट्झमधे आवाज घुमतो आणि बेस-गिटारचा चिखल होतो. तिथे रुंद उतार देऊन दोन-तीन डेसिबल कमी करा. खरखर काढणारं फिल्टर मी जवळजवळ वापरत नाही, कारण सिंबलची शेपटी आणि टेपची खरखर त्याला सारखीच दिसते. सिंबल पाण्याखाली गेल्यासारखी वाटायला लागली की समजा, जास्त झालं.

माइकच गुदमरला असेल तर उपाय नाही. १९७२ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये डीप पर्पलचा आवाज ११७ डेसिबल मोजला गेला आणि गिनेसने त्याची नोंद घेतली. एवढा आवाज खिशातल्या माइकवर आदळला की लाटांची टोकं कापली जातात. ती सॉफ्टवेअरने गोल करता येतात, पण गेलेलं परत येत नाही. फाटलेल्या आवाजाला वर आणखी दाबून मोठं करू नका.

माइकजवळच्या टाळ्या आणि शिट्ट्या कानाला टोचतात. त्या कापू नका. प्रत्येक ठिकाणी हाताने पाच-सहा डेसिबल खाली आणा, इतकंच. बावीस-तेविसाव्या मिनिटाला काकांच्या शेजारचा माणूस काहीतरी विचारतो आणि काका 'श्श' करतात. तिशीतले काका, श्वास रोखून बसलेले. हे मी एक डेसिबलही हलवलं नाही.

पालटतानाची फट

पहिली बाजू संपली आणि काकांनी अंधारात कॅसेट पालटली, तेवढे क्षण गेले, आणि ते नेमके गिटार सोलोतले. त्याच रात्रीची दुसऱ्या चाहत्याने केलेली टेप मला पुढे मिळाली, तिच्यावरून ही फट एकोणीस सेकंदांची निघाली. असा तुकडा जोडायचा असेल तर आधी त्या टेपचाही वेग याच पद्धतीने जुळवा, मग ड्रमच्या ठोक्यावर सांधा द्या, आणि कुठून कुठपर्यंत दुसरी टेप आहे हे सेकंदांसकट लिहून ठेवा. न जोडलेली प्रतही ठेवा. दुसऱ्या रात्रीचा तुकडा मात्र कधीही लावू नका. डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर लागोपाठ दोन रात्री एकच सोलो वाजवणाऱ्यांतला नव्हे.

फाइली, नावं, माहिती

गाणी वेगळी करताना मधली शांतता कापू नका, एकापाठोपाठ एक सलग वाजली पाहिजेत. सीडीसाठी ४४.१ किलोहर्ट्झची प्रत करणार असाल तर कापण्याची जागा ५८८ नमुन्यांच्या पटीत ठेवा, कारण सीडी सेकंदाचे ७५ भाग करते. नाहीतर प्रत्येक सांध्यावर टिचकी येते. साठवायला फ्लॅक, त्यात फाइल लहान होते पण आवाजातलं काही जात नाही. एमपीथ्री हवी तर स्वतःच्या फोनसाठी करा, दुसऱ्याला देऊ नका, कारण ती पुढे कुणीतरी पुन्हा फ्लॅक करून फिरवतो आणि मूळ म्हणून खपवतो. फाइलींचे चेकसम बनवा, म्हणजे फाइल पुढे बदलली का ते पडताळायचे आकडे.

सोबत एक साधी मजकुराची फाइल हवीच: बँड, तारीख, ठिकाण, टेप करणारा कुठे बसला होता, रेकॉर्डर, माइक, कॅसेटची जात, कुठल्या डेकवर वाजवली, काय काय बदललं आणि किती. टेप करणाऱ्याचं नाव त्याने होकार दिला तरच. कव्हरवरच्या तारखेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. गायक गाण्यांच्या मधे काय बोलतो ते ऐका, कालच्या शहराचं नाव तो बऱ्याचदा घेतो.

आणि या टेपा विकायच्या नाहीत. ग्रेटफुल डेडने १९८४ मध्ये टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच दिली होती, पण प्रत्येक बँड तसा नसतो. त्या बँडचं धोरण बघा, आणि तीच रात्र त्यांनी अधिकृतपणे काढली तर आपली प्रत वाटणं थांबवा.

टेप करणारा माणूस भेटण्यासारखा असेल तर काम झाल्यावर त्याच्याबरोबर बसून पूर्ण टेप ऐका, हातात वही घेऊन. मी काकांकडे गेले. पहिल्या बाजूच्या शेवटी सोलो तुटला तेव्हा त्यांचा अंगठा मांडीवर हलला, बटण दाबल्यासारखा. मी विचारलं, बॅटऱ्या नव्या घातल्या होत्या का? ते म्हणाले, नाही गं, आदल्या रात्रीच्याच होत्या.

म्हणजे आदल्या रात्रीचीही टेप होती. ती माळ्यावर शोधायचं त्यांनी कबूल केलं आहे, आणि माहितीच्या फाइलीत मी बॅटरीपुढे लिहिलं: 'दुसरी रात्र'.